डावखुऱ्या मिस्त्रीची शर्यतीची गाडी

पुण्याच्या ज्या साहेबांनी माझ्याकडून शर्यतीची जुनी गाडी नेली, त्यांनी आमच्या पत्रा मिस्त्रीला फसवलं. मला नाही. माझे पैसे त्यांनी ठरल्या दिवशी, ठरले तेवढे दिले, वर मिठाईचा डबा पाठवला. म्हणून तर हे लिहायला मला दोन वर्षं लागली. माझा स्वतःचा रुपया अडकला असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या फाटकासमोर खुर्ची टाकून बसलो असतो. तशी माझी ख्याती आहे आणि ती मी मेहनतीने मिळवलेली आहे.

इथं मी कुणाचंच नाव लिहिणार नाही. साहेबांचं लिहीत नाही, कारण ज्यांना कळायचं त्यांना कळेल. मिस्त्रीच्या वडलांचं लिहीत नाही, कारण ते नाव जिथं लागायला पाहिजे होतं तिथं अजून लागलेलं नाही. त्याच्या आधी ते माझ्या लिखाणात छापून यावं हे मिस्त्रीच्या मुलीला पटत नाही. मलाही पटत नाही.

माझा धंदा जुन्या गाड्यांचा. सातवीत शाळा सुटली तेव्हा माझे वडील संभाजीनगरला छावणीच्या गुरांच्या बाजारात दलाली करायचे आणि मी सायकलला पोतं बांधून जिन्सीतल्या गॅरेजांतून जुने पार्ट गोळा करायचो. आज शेंद्र्याच्या रस्त्याला माझं स्वतःचं आवार आहे, मोठं पत्र्याचं शेड आहे. मेलेल्या गाड्या तोडून विकणं हा मूळ धंदा. गेल्या काही वर्षांत म्हाताऱ्या गाड्याही घेतो, ज्यांना हौशी लोक व्हिंटेज म्हणतात. मेलेली कुठली आणि म्हातारी कुठली हे गिऱ्हाईक बघून ठरतं.

ही गाडी बिडकीनच्या बाजूला एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये होती. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली होती, शेड पाडायचं होतं. मालक साठी उलटलेले शेतकरी, मुलं शहरात नोकरीला. मी शेडच्या लोखंडाचा सौदा करायला गेलो होतो. सौदा झाला आणि मालक म्हणाले, "ते कोपऱ्यातलं डबडं बी घेऊन जा."

"ते उचलायला चार माणसं लागतील. त्यांची मजुरी कोण देणार?"

"फुकट देतो तर मजुरी बी मीच देऊ व्हय?"

"फुकट कुठं देताय? माझ्या गळ्यात घालताय."

शेवटी त्यांनी मजुरी लोखंडाच्या भावातून कमी केली. त्या दिवशी मी फार खूश होऊन घरी आलो.

आवारात आणून कापसाची धूळ झटकली तेव्हा दिसलं की हे वेगळंच काहीतरी आहे. एका माणसापुरती बैठक. दार नाही, दिवे नाहीत, काच नाही. लांबट, शेपटीकडं निमुळती होत गेलेली, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची. पुढचं नाक गायब. उजवी बाजू भिंत पडून चेपलेली. तारांची चार चाकं, त्यांतली दोन वाकडी. शेपटीवर पांढरा गोल आणि त्यात कुठल्यातरी आकड्याचा अर्धा भाग. मी वजनाचा अंदाज केला, ॲल्युमिनियमचा भाव आठवला आणि मनात हिशेब मांडून मोकळा झालो. चार दिवसांत कापली असती.

मिस्त्री त्या दिवशी दुसऱ्याच एका जीपच्या कामाला आला होता. तीस वर्षं तो माझी कामं करत होता. जिन्सीत राहायचा, सत्तरीकडं झुकलेला, बोटांची टोकं चपटी झालेली. कामाच्या वेळी बोलायचा नाही आणि काम संपलं की मला टोमणे मारल्याशिवाय जायचा नाही. मी त्याला उस्ताद म्हणायचो, तो मला सेठ. त्याच्या तोंडात तो शब्द कधीच सरळ वाटला नाही.

जाता जाता त्यानं गाडीच्या शेपटीच्या आत हात घातला. म्हशीच्या पोटात रेडकू आहे का बघतात तसा खांद्यापर्यंत. मग हात बाहेर काढेचना.

"उस्ताद, काय सापडलं? सोनं?"

"सेठ, बॅटरी लाव इधर."

मी टॉर्च धरला. पत्र्याच्या आतल्या बाजूला हातोडीचे ठोके असतात. बाहेरून कानस मारून, घासून सगळं गुळगुळीत करतात, आत कुणी बघत नाही म्हणून ते तसेच राहतात. छोट्या छोट्या चंद्रकोरी, एकीला एक लागून. मिस्त्री म्हणाला, उजव्या हाताचा माणूस ठोकतो तेव्हा त्या एका बाजूला कलतात. या सगळ्या दुसऱ्या बाजूला कललेल्या होत्या.

"डावखुरा," मी म्हणालो.

"मेरे अब्बा," तो म्हणाला.

त्याच्या वडलांची गोष्ट मी तीस वर्षांत उडत उडत ऐकली होती. सगळ्या जिन्सीनं ऐकली होती. निजामाच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये ते पत्र्याचं काम शिकले. पुढं रस्त्याची कामं घेणारा एक कंत्राटदार त्यांच्याकडं आला. त्याला शर्यतीचं वेड होतं. त्यानं कुठूनतरी विलायती गाडीची सांगाडा-इंजिनाची जोडी आणली होती, अंगावर काहीच नाही. मिस्त्रीच्या वडलांनी तिला अंग दिलं. नकाशा नाही, फोटो नाही. कंत्राटदारानं वाळूत काठीनं आकार काढून दाखवला आणि त्यावरून त्यांनी लाकडाचे साचे केले. मग ती गाडी खाली दक्षिणेत, लढाईच्या काळातल्या विमानाच्या धावपट्टीवर पळाली. तिसरी आली की चौथी, याच्यावर ते स्वतःच ठाम नव्हते.

कुणाचा विश्वास बसला नाही. टमरेलं आणि रिक्षाचे मडगार्ड ठोकणारा माणूस म्हणे रेसची गाडी बनवतो. पोरं त्यांना रस्त्यात विचारायची, "रेसवाले, आज लंडन कू जारे क्या?" म्हातारपणी ते प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयतीत ती गोष्ट सांगायचे. मिस्त्रीच्या स्वतःच्या लग्नात सासरची माणसं बसलेली असताना त्यांनी परत सुरू केलं, आणि मिस्त्री सगळ्यांसमोर म्हणाला, "बस करो अब्बा, कितना फेकते."

त्यानंतर त्यांनी ती गोष्ट कधी काढली नाही. दोन वर्षांनी गेले.

हे मिस्त्रीनं मला शेपटीत हात घातलेला असतानाच सांगितलं. मग हात काढून लुंगीला पुसला आणि म्हणाला, "ये गाडी काटनेकी नहीं, सेठ."

मी कापली नाही. मोठेपणा म्हणून नाही, हेही सांगतो. ज्या गाडीला गोष्ट आहे तिला भाव आहे, एवढं मला कळतं.

गोष्टीला पुरावा पाहिजे म्हणून मी परत बिडकीनला गेलो. मालकांच्या आजोबांची आणि त्या कंत्राटदाराची दोस्ती होती. तो एका उन्हाळ्यात गाडी जिनिंगमध्ये ठेवून गेला आणि परत आलाच नाही. घरात एक फोटो होता, जाड पुठ्ठ्याच्या चौकटीत. कंत्राटदार टोपी घालून गाडीला टेकून उभा, मागं मोकळं माळरान. पुठ्ठ्याच्या कडेला कुणाचातरी एक खांदा. मी मालकांना म्हणालो, चौकट उघडू का? ते म्हणाले, "उघडा की, त्यात काय गुप्तधन हाय?"

पुठ्ठा काढला तर खांद्याचा पूर्ण माणूस झाला. बनियन, गुडघ्यापर्यंत खोचलेली लुंगी, हडकुळा, नजर कॅमेऱ्याकडं नाही, गाडीकडं. हातोडी डाव्या हातात.

फोटो मी पदरचे पैसे देऊन विकत घेतला. पहिली घासाघीस केली, मग लाज वाटून मालकांनी सांगितला तो भाव दिला. माझ्या आयुष्यात असं एकदाच झालंय. मिस्त्रीनं फोटो बघितला आणि मुलीला बोलावून आणलं. ती शहरात इंग्रजी शाळेत शिकवते. तिनं मोबाईलवर त्या फोटोचा फोटो काढला आणि आजोबांचा चेहरा मोठा करून बापाला दाखवला. मी गाड्यांच्या बाजूला सरकलो.

काम वर्षभर चाललं. इंजिन आणि यंत्राचं काम मी दुसऱ्यांकडून करून घेतलं. पत्रा फक्त मिस्त्रीनं. ॲल्युमिनियमला मऊ करायची त्याची पद्धत साधी होती. अंगाला लावायचा साबण पत्र्यावर घासायचा आणि मागून गॅसची ज्योत फिरवायची. साबण काळा पडला की पत्रा मऊ झाला. त्याच्यापुढं ज्योत क्षणभर जास्त राहिली की पत्रा गळून भोक. मग वाळूच्या चामडी पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीनं खोलगट करायचा. चेपलेली बाजू त्यानं इंच इंच बाहेर काढली, जुना पत्रा टाकू दिला नाही. नाक मात्र पूर्ण नवीन करावं लागणार होतं. फोटोवरून.

आणि इथं त्यानं ते केलं जे जगातल्या कुठल्याही शहाण्या कारागिरानं केलं नसतं. नाक त्यानं डाव्या हातानं ठोकलं. तो उजव्या हाताचा माणूस. आधी तीन महिने जुन्या डब्यांच्या पत्र्यावर डाव्या हातानं ठोकायचा सराव केला. अंगठा दोनदा फुटला. खांदा इतका दुखायचा की भाकरी मोडायला मुलगी लागायची. माझं डोकं फिरलं.

"उस्ताद, आतून कोण बघणार आहे?"

"आतूनच बघतात, सेठ. बाहेरून तर तुम्ही पण बघता."

"गिऱ्हाईक तोंडावर आलंय आणि तुम्ही डबे ठोकताय."

"तुमकू घाई है तो तुम ठोको. ये लो." आणि हातोडी माझ्यापुढं धरली. मी शिव्या देत निघून गेलो. नाक झालं तेव्हा मी आत टॉर्च मारून बघितलं. जुनं कुठं संपतं आणि नवीन कुठं सुरू होतं ते मला सांगता आलं नाही. त्या चंद्रकोरी सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. बापाच्या ठोक्याला लागून मुलाचा ठोका.

पुण्याचे साहेब मधल्या काळात तीनदा येऊन गेले. जुन्या गाड्यांचा संग्रह करणारे, बोलायला गोड, स्वच्छ माणूस. इंजिनाचा नंबर त्यांनीच परदेशात कुणाला तरी विचारून तपासून घेतला. सांगाडा आणि इंजिन खरोखरच विलायती निघालं. त्यांनी मिस्त्रीला खुर्ची दिली, त्याची गोष्ट शेवटपर्यंत ऐकली, फोटो भिंग लावून बघितला. मिस्त्रीच्या गोष्टीवर पहिल्यांदाच एका मोठ्या माणसानं मान डोलावली होती. त्या दिवशी मिस्त्री मला टोमणा न मारता घरी गेला.

मिस्त्रीनं माझ्याकडं त्याच्या मजुरीपलीकडं एकच गोष्ट मागितली होती. गाडी कुठंही जाऊ दे, तिच्यावर अब्बांचं नाव पाहिजे. पितळी पट्टी, छोटी. इतर गाड्यांवर असते तशी. मी म्हणालो, झालं म्हणून समजा.

आता सौदा. छावणीच्या बाजारात बैलांचा सौदा रुमालाखाली व्हायचा. दोघांचे हात झाकायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचा, आजूबाजूच्यांना कळू द्यायचा नाही. मी वडलांकडून शिकलो आणि अजूनही मोठा सौदा तसाच करतो. गिऱ्हाइकाला गंमत वाटते आणि गंमत वाटणारा माणूस दोन बोटं जास्त देतो. त्या पद्धतीत एक नियम आहे. ज्या काही अटी असतील, बैलाबरोबर दोर द्यायचा का, चारा द्यायचा का, दात बघायचे का, ते सगळं हात रुमालाखाली असतानाच तोंडानं बोलायचं. हात बाहेर आला की सौदा मिटला. त्यानंतर बोललेलं ते नुसतं बोलणं. त्याला कुणी बांधील नसतं. वडलांनी मला हे आठव्या वर्षी शिकवलं होतं.

साहेबांचा हात माझ्या उपरण्याखाली होता. मिस्त्री शेजारी उभा होता. मला माहीत होतं की पट्टीची अट आत्ता बोलायची. मी बोललो नाही. गाडीवर जिन्सीच्या माणसाचं नाव लावायचं म्हटलं की साहेब विचार करणार, विचार केला की भाव खाली येणार. भाव चढत होता. मी बोटं दाबत राहिलो.

हात बाहेर आले. मिस्त्री हळूच म्हणाला, "सेठ, हमारी बात?"

तेव्हा मी म्हणालो, "साहेब, एक राहिलं. मिस्त्रीच्या वडलांच्या नावाची पट्टी लागली पाहिजे."

"लावू की," साहेब म्हणाले. "त्यात काय."

मिस्त्रीनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. मी चहा सांगितला. फोटोही मी साहेबांनाच दिला, गाडीबरोबर शोभेल म्हणून.

पंधरा दिवसांनी गाडी न्यायला त्यांचा माणूस ट्रेलर घेऊन आला. त्याच्याकडं इंग्रजीत टाईप केलेला कागद होता. म्हणाला, गाडीची माहिती आहे, विकणाऱ्याची सही लागते, संग्रहाच्या नोंदीसाठी. मी तेव्हा ट्रेलरवाल्याशी भांडत होतो, कारण तो गाडी साखळीनं बांधायला निघाला होता आणि साखळीनं पत्रा घासला असता. मराठीतला कागद मी कधी न वाचता सही केलेला नाही. इंग्रजी कागदात मी आकडे बघतो. इंजिनाचा नंबर बरोबर, सांगाड्याचा बरोबर, रक्कम बरोबर. सही केली.

पुण्यात एका हॉटेलच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, रविवारी सकाळी. साहेबांनी मला निमंत्रण पाठवलं. मिस्त्रीला नाही, पण ते माझ्या लक्षातही आलं नाही. मी त्याला घेऊन जाणारच होतो. मिस्त्रीनं पांढरा कुर्ता शिवून घेतला होता. मुलगी बरोबर होती. पहाटे संभाजीनगरहून निघालो. वाटेत त्यानं मला चहासुद्धा प्यायला थांबू दिलं नाही.

गाडी मधोमध, दोरी लावून उभी होती. लाल रंग. समोर स्टँडवर एक मोठी पाटी आणि तोच फोटो, मोठा केलेला. कंत्राटदार टोपी घालून गाडीला टेकलेला. फोटो जिथं कापायचा तिथं कापलेला होता. या वेळी खांदासुद्धा नव्हता.

मिस्त्री फोटोकडं बघून मुलीला म्हणाला, "पढ, क्या लिखेला है."

ती वाचत गेली, मनातल्या मनात. मग मराठीत, हळू आवाजात, शाळेत सांगतात तसं सांगितलं. गाडी परदेशात बनलेली. बॉडी मूळची, परदेशी कारागिरांच्या हातची. आतल्या हातोडीच्या खुणांवरून तज्ज्ञांनी सगळं अंग एकाच हातचं असल्याचं ठरवलेलं. भारतात शर्यतीत भाग घेतला. सापडली तेव्हा चांगल्या स्थितीत होती, विकणाऱ्याच्या लेखी निवेदनानुसार फक्त साफसफाई आणि किरकोळ दुरुस्ती.

"अब्बा का नाम किधर है?"

"नहीं है, अब्बा."

"नीचे देख. छोटे अक्षर में होगा."

तिनं खाली बघितलं. वाकून बघितलं. मागून जाऊन पाटीची मागची बाजूही बघितली.

मिस्त्री दोरी ओलांडून गाडीच्या शेपटीकडं गेला आणि आत हात घातला. लगेच गणवेशातला एक पोरगा धावत आला. "ओ चाचा, हात लावायचा नाही. लांबून बघा."

मिस्त्रीनं हात काढला. "सॉरी," म्हणाला. तीस वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. माझा एक दरवाजा त्यानं वाकडा बसवला होता तेव्हाही नाही.

साहेब चार पाहुण्यांना घेऊन आले. "अरे, या या," म्हणाले, आणि पाहुण्यांना सांगितलं, "हे आमचे औरंगाबादचे लोक. यांच्याकडं सापडली गाडी. साफसफाई यांनीच केली."

मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. लोक वळून बघायला लागले. मिस्त्रीनं माझं कोपर धरलं. "नको सेठ. लोगां देखरे." आणि तो मला ओढत फाटकाकडं घेऊन गेला, मी त्याला नाही.

परतीच्या वाटेवर मुलगी मागं बसून खिडकीबाहेर बघत होती. नगर सुटलं. मग मिस्त्री म्हणाला, "गलती मेरीच है, सेठ. सीधे हाथ से मारता तो फरक दिखता. लोगां पूछते, ये नाक किसने बनाया. फिर बाकी किसने बनाया."

मी समोरचा रस्ता बघत गाडी हाकत राहिलो. 

त्यानंतर तो माझ्या आवारात आला नाही. मी दोनदा निरोप पाठवला, तिसऱ्यांदा स्वतः गेलो. तो ओट्यावर बसलेला होता. म्हणाला, खांदा दुखतो. जीपचं काम दुसऱ्याला द्या. त्याच हिवाळ्यात एका दुपारी जेवून आडवा झाला आणि उठला नाही. दफनाला मी होतो. मोहल्ल्यातला एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, "रेसवाले का बेटा."

चाळीस दिवस झाल्यावर मी साहेबांना फोन केला. पट्टी लावा म्हणालो. ते अजिबात चिडले नाहीत.

"तुम्ही धंद्यातले आहात, तुम्हाला समजावून सांगायला नको," ते म्हणाले. "अशा गाडीची किंमत तिच्या इतिहासात असते. तुमच्या मिस्त्रींच्या वडलांचं नाव लावलं की ती गावठी बॉडीची गाडी होते. आणि बॉडी मूळची आहे असं तुम्हीच लिहून दिलंय. सही तुमचीच आहे ना?"

"तुम्ही फोटो बघितला होता. भिंग लावून बघितला होता."

"फोटोत एक मजूर होता. त्यानं बॉडी बनवली हे कशावरून?"

"मग कापला का?"

 "मांडणीसाठी," ते म्हणाले.

मी म्हणालो, गाडी परत द्या, सगळे पैसे परत घ्या, आजच आणून देतो. ते हसले. म्हणाले, ती आता त्या भावात मिळत नाही.

मग मी जिन्सीत गेलो. मिस्त्रीच्या मुलीसमोर बसून तिला सगळं सांगितलं. कागद सांगितला. रुमाल सांगितला, हात आत असताना बोलायचं असतं हे सांगितलं, आणि मला ते माहीत होतं हेही सांगितलं.

"काका, मग तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

"भाव पडला असता."

ती उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. मला वाटलं आता जावं. पण पायताण घालून निघून जाणं मला जमलं नाही. ती बाहेर आली तेव्हा डोळे धुतलेले होते आणि हातात मोबाईल होता. तिनं त्यात तो जुना फोटो उघडला आणि माझ्यापुढं धरला. पूर्ण फोटो, आजोबांसकट.

"हा छापून आणा," ती म्हणाली. "मोठा."

आणला. त्यांच्या घरात लावला आहे. पण तो लागायला हवा होता तो गाडीजवळ, घरात नाही, हे आम्हा दोघांनाही कळतं. घरातल्यांना ती गोष्ट आता खरी वाटते. ज्याला ती खोटी वाटली होती आणि ज्यानं ती सगळ्यांसमोर खोटी म्हटली होती, तो सगळ्यांसमोर खरी करून दाखवायला वर्षभर राबला. सगळ्यांसमोर म्हणजे त्या हिरवळीवर.

माझ्या बाजूनं मी हे केलं आहे. तो इंग्रजी कागद चुकीचा आहे, मी न वाचता सही केली, बॉडी जिन्सीत बनली, नाक माझ्या शेडमध्ये बनलं, कुणी बनवलं, कधी बनवलं, असं स्टँप पेपरवर मराठीत लिहून सही केली आणि साहेबांना रजिस्टर पोस्टानं पाठवलं. पोच आली. उत्तर नाही. खोटं लिहून दिलं म्हणून माझ्यावर केस करायची असेल तर करावी. मी हजर राहीन, वकीलही लावणार नाही. न्यायाधीशांना एवढंच म्हणेन की गाडी बोलवा, आत टॉर्च मारा.

माझ्या चुकीचा जाब मला मिस्त्रीच्या घरात विचारला गेला आणि मी तो दिला. मान खाली घालून दिला, पण दिला. साहेब, आता तुम्ही. मला पत्र नको, तुमच्या माणसाचा फोन नको, मिठाईचा डबा तर नकोच. जिन्सीत या. पत्ता तुम्हाला त्या स्टँप पेपरवर लिहून दिलेला आहे. तिच्या घरात त्या फोटोखाली बसा आणि त्या मुलीला तोंडानं सांगा, तिच्या आजोबांना फोटोतून कापताना तुम्हाला ते कोण आहेत हे माहीत होतं की नव्हतं. आणि माहीत होतं, तर ती गाडी कुणी बनवली?

कधी येताय?